सागरतळाची बखर

इतिहासाची साधने म्हटली, की शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि बखरी यांची नावे पुढे येतात. त्यांच्या आधारे फार तर दोन-सव्वादोन हजार वर्षे मागे जाता येते. त्याही पलीकडे जावयाचे, तर गावाच्या पांढरीत उत्खनन करून खापरे, मणी आणि जळके धान्य शोधावे लागते. महाराष्ट्रातील खेड्याचे पूर्वापार दोन भाग मानले जातात: माणसे राहतात ती पांढरी आणि पीक येते ती काळी. पांढरीत माणसाने टाकलेल्या वस्तू एकावर एक साचत जातात, म्हणून तिच्या पोटात इतिहास टिकतो. काळीची गोष्ट उलटी आहे. ती दर वर्षी नांगरली जाते, पावसाने धुपते, ओढ्याला मिळते आणि नदीवाटे निघून जाते. मग काळीचा इतिहास शोधावयाचा कोठे? या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या काळात मिळू लागले आहे, आणि ते महाराष्ट्रापासून फार दूर, पूर्व किनाऱ्यापलीकडे, बंगालच्या उपसागराच्या तळाशी सापडले आहे.

१९ ऑगस्ट २००६ रोजी चेन्नई येथे एका असामान्य सागरी मोहिमेची सांगता झाली. 'जॉइडीस रेझोल्यूशन' या नावाचे, मधोमध उंच मनोरा असलेले एक वेधन-जहाज २८ एप्रिल रोजी मुंबईहून या मोहिमेला लागले होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी या दोन्ही बंदरांत कापूस, मिरी आणि छापील कापड भरून नेण्यासाठी जहाजे येत असत. या जहाजाने ११३ दिवसांत जो माल गोळा केला, तो मात्र चिखल होता. अरबी समुद्रात केरळ-कोकण किनाऱ्यासमोर एक, कृष्णा-गोदावरीच्या मुखांसमोर पंधरा, महानदीसमोर चार आणि अंदमानजवळ एक अशा २१ ठिकाणी त्याने ३९ छिद्रे पाडली. एकंदर ९,२५० मीटरांहून अधिक थर भेदले आणि सुमारे २,८५० मीटर लांबीचे गाळाचे नमुने वर काढले. मोहीम भारत सरकारच्या वायु-हायड्रेट कार्यक्रमाची होती. तिचा हेतू इंधनाचा शोध हा होता. परंतु इंधन शोधता शोधता हाती आलेल्या चिखलातील एका नमुन्याने दख्खनच्या गेल्या अकरा हजार वर्षांची हकीगत सांगितली. ती हकीगत कशी वाचली गेली, हे समजण्यासाठी प्रथम समुद्राच्या तळाशी गाळ साचतो कसा, हे पाहिले पाहिजे.

समुद्राचा तळ हा पृथ्वीवरील सर्वांत मोठा उकिरडा आहे, असे म्हटले तर ते अनादराचे होणार नाही. कारण पुराणवस्तुशास्त्रज्ञाला उकिरड्याइतके प्रिय स्थळ दुसरे नसते. नद्या माती, रेती आणि विरघळलेले क्षार आणून टाकतात. वारा वाळवंटांतील धूळ आणतो. ज्वालामुखी राख उधळतात. आणि समुद्राच्या पृष्ठभागावर राहणारे असंख्य सूक्ष्म जीव मेल्यावर त्यांची चुन्याची आणि सिलिकेची कवचे मंद बर्फाप्रमाणे अखंड खाली पडत राहतात. किनाऱ्याजवळ, मोठ्या नदीच्या मुखासमोर, गाळ वेगाने साचतो. किनाऱ्यापासून दूर, जेथे केवळ कवचांचाच वर्षाव होतो, तेथे हजार वर्षांत दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर तयार होतो. त्याहून खोल आणि दूरच्या तळावर तांबड्या मातीचा थर हजार वर्षांत काही मिलिमीटरच वाढतो. तळाशी सूर्यप्रकाश नाही, नांगर नाही, वारा-पाऊस नाही. जे पडले ते बहुधा पडल्या जागी राहते आणि वरून पडणाऱ्या थराखाली झाकले जाते. खालचा थर जुना आणि वरचा नवा, या एका साध्या नियमावर साऱ्या वाचनाची भिस्त आहे.

हे वाचन सुरू होऊन फार काळ लोटलेला नाही. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने जगाच्या समुद्रांतून प्रवास केला आणि तळावरचे गाळ प्रथमच पद्धतशीरपणे गोळा केले. जॉन मरे आणि रेनार यांनी १८९१ साली त्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. परंतु 'चॅलेंजर' भारताच्या किनाऱ्याकडे फिरकले नाही, आणि त्याच्या उपकरणांना तळाचा केवळ वरचा पापुद्रा खरवडता येत होता. म्हणजे ग्रंथाचे मुखपृष्ठ दिसले, आतील पाने मिटलेलीच राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडनमधील कुलेनबर्ग यांनी दट्ट्या बसविलेली एक नळी तयार केली. पिचकारीत पाणी ओढावे, त्याप्रमाणे ती चिखलाचा उभा स्तंभ मोडू न देता आत ओढून घेई. १९४७-४८ मध्ये 'आल्बाट्रॉस' या जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा करून अशा नळीने पंधरा मीटरांहून लांब नमुने मिळविले. १९६८ साली खोल समुद्रात वेधन करणारी आंतरराष्ट्रीय योजना सुरू झाली आणि शेकडो मीटर खोलीचे थर हाती येऊ लागले.

भारतात या अभ्यासाचा पाया आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने घातला. ही मोहीम १९६५ साली संपली आणि तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अस्तित्वात आली. पुढे तिचे ठाणे गोव्यात दोना पावला येथे स्थिरावले. १९८३ साली 'सागर कन्या' हे संशोधन-जहाज आले. १९९३ साली चेन्नईत राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी हँबुर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने १९८० च्या दशकात एक मोठा उद्‌बोधक प्रयोग केला. त्यांनी अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात खोल पाण्यात नरसाळ्यासारखे सापळे टांगून ठेवले आणि वरून पडणारे कण महिन्यामहिन्याने मोजले. त्यावरून असे दिसून आले, की कणांचा हा वर्षाव बारमास सारखा नसतो. मोसमी वाऱ्यांबरोबर तो वाढतो आणि ओसरतो. म्हणजे पावसाळा केवळ शेतात आणि नदीतच उमटतो असे नाही. दोन-तीन हजार मीटर खोल अंधारातही त्याची नोंद होते.

वेधन-जहाजावर ही नोंद वर काढण्याची रीत अशी असते. जहाज यंत्रांच्या साहाय्याने एका जागी स्थिर ठेवले जाते. मनोऱ्यातून पोलादी नळांची माळ तळापर्यंत सोडतात. मऊ गाळात साडेनऊ मीटर लांबीची नळी एका झटक्यात रुतविली जाते आणि तिच्या आतील प्लॅस्टिकच्या अस्तरासह गाळाचा स्तंभ वर येतो. या स्तंभाला 'गाभा' म्हणतात. त्याचे दीड-दीड मीटरांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा उभा चिरतात. एक अर्धा भाग अभ्यासासाठी वापरला जातो आणि दुसरा पुढील पिढ्यांसाठी जपून ठेवतात. नंतरचे काम सोनाराच्या कामासारखे नाजूक असते. चिखल धुऊन, गाळून, सूक्ष्मदर्शकाखाली कवचे निवडावयाची. त्यांच्या किरणोत्सर्गी कार्बनावरून थराचे वय काढावयाचे. आणि त्यांतील ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण पाहून त्या काळी समुद्राचे पाणी किती गोडे वा किती खारे होते, किती उबदार होते, याचे अनुमान करावयाचे.

या बखरीची सर्वांत जुनी पाने वाचण्यासाठी जहाजाची गरज नाही. ती चेन्नईच्या परिसरात जमिनीवरच पडलेली आहेत. शहराच्या दक्षिणेस सेंट थॉमस माउंट आणि पल्लावरम येथे टेकड्या आहेत. १८६३ साली याच पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांना अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली आणि भारताच्या प्रागितिहासाचे दार उघडले. त्या टेकड्यांचा निळसर करडा, कठीण खडक भूशास्त्रात 'चार्नोकाइट' या नावाने प्रसिद्ध आहे. कलकत्त्यातील जॉब चार्नोकच्या थडग्यावर मद्रासकडून नेलेला हाच दगड बसविलेला होता, म्हणून टॉमस हॉलंड यांनी १८९३ साली खडकाला त्याचे नाव दिले. या जातीचे खडक अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरही आहेत, आणि हा योगायोग नाही. भारताचा पूर्व किनारा आणि अंटार्क्टिका ही एकाच गोंडवन खंडाची जोडलेली अंगे होती. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी ती एकमेकींपासून फाटली. फाटताना कडा खचल्या, लांबट द्रोणी तयार झाल्या आणि त्यांत समुद्र शिरला. कावेरी, पालार, कृष्णा-गोदावरी आणि महानदी यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या किनारी द्रोणी त्या फाटण्याच्या खुणा होत.

समुद्र आत शिरला त्याचा पुरावा चेन्नईच्या पश्चिमेस श्रीपेरुंबुदूर येथे आहे. मोटारींच्या कारखान्यांसाठी आज ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या परिसरातील थरांत वनस्पतींच्या पानांचे ठसे आणि सागरी जीवांचे अवशेष एकत्र मिळतात. म्हणजे येथे कधी काळी अरण्याच्या कडेला समुद्राचे पाणी खेळत होते. दक्षिणेस अरियलूरच्या परिसरात तर शंखाकृती अम्मोनाइटांची खाणच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्लॅनफर्ड यांनी त्या प्रदेशाची पाहणी केली आणि स्टोलिच्का यांनी त्या जीवाश्मांचे सविस्तर वर्णन केले. जवळच सात्तनूर येथे अठरा मीटर लांबीचे, दगड झालेले झाडाचे खोड पडून आहे; १९४० साली भूशास्त्रज्ञ एम. एस. कृष्णन यांनी ते उजेडात आणले. ते सागरी थरात आडवे सापडते. नदीच्या पुरात वाहून समुद्रात गेलेला हा वृक्ष तळाशी गाळात रुतला आणि पुढे तो तळच वर उचलला जाऊन जमीन झाला. समुद्रतळाचे एक पान अशा रीतीने वाचकाच्या पायाशी येऊन पडले.

यानंतरचे पान महाराष्ट्राने लिहिले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या परिसरात लाव्हारसाचे महापूर आले आणि थरावर थर साचून दख्खनचे काळ्या पाषाणाचे पठार तयार झाले. ज्या काळवत्थरात पुढे वेरूळ-अजिंठ्याची लेणी खोदली गेली, तोच हा खडक. परंतु त्या लाव्ह्याचे काही प्रवाह पठारावर थांबले नाहीत. प्राचीन नद्यांच्या खोऱ्यांतून ते सुमारे हजार किलोमीटर वाहत गेले आणि आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ समुद्राला मिळाले. पृथ्वीवर माहीत असलेल्या सर्वांत लांब लाव्हा-प्रवाहांत त्यांची गणना होते. राजमहेंद्रीच्या दगडखाणींत आणि कृष्णा-गोदावरीच्या द्रोणीत तेलासाठी खोदलेल्या विहिरींत हे थर आढळले. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सागरी गाळ आहे, आणि त्या गाळात महासंहारानंतर समुद्रात प्रथम अवतरलेल्या सूक्ष्म जीवांची कवचे आहेत. ज्या संहारात डायनोसॉर नष्ट झाले, त्या घटनेचा काळ दख्खनच्या लाव्ह्याशी ताडून पाहण्याचे एक साधन त्यामुळे मिळाले. घटना सह्याद्रीत घडली आणि साक्ष पूर्व समुद्राने दिली, अशी ही स्थिती आहे.

पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतखंड आशियाला भिडले आणि हिमालयाची उठावणी सुरू झाली. पर्वत जसजसा वर आला, तसतसा तो झिजूही लागला. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून आजही दर वर्षी सुमारे १०० कोटी टन गाळ वाहून आणतात. हा गाळ गढूळ पाण्याच्या जड लोटांच्या रूपाने समुद्रतळावरील दऱ्यांतून दक्षिणेकडे धावतो आणि सुमारे ३,००० किलोमीटर लांबीचा एक प्रचंड पंखा त्याने तळावर पसरला आहे. हा पंखा चेन्नईच्या अक्षांशाहून पुष्कळ पलीकडे, विषुववृत्ताच्याही दक्षिणेस पोहोचतो. १९७१ साली करे आणि मूर यांनी त्याच्या वाढीचा आणि हिमालयाच्या झिजेचा संबंध दाखवून दिला. १९७२, १९८७ आणि २०१५ या वर्षांतील वेधनांनी त्या नोंदीत प्रत्यक्ष पुराव्याची भर टाकली. हिमालयात जो खडक आता उरलेलाच नाही, त्याची भुकटी येथे शिल्लक आहे.

बखरीला तारखा लागतात. समुद्रतळाच्या बखरीत त्या घालण्याचे काम कधी कधी ज्वालामुखी करतात. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील तोबा या ज्वालामुखीचा महास्फोट झाला. त्याची काचमय राख बंगालच्या उपसागराच्या तळावर एका स्पष्ट थराच्या रूपाने साचली आहे. हा थर जेथे दिसेल, तेथे काळाचा एक पक्का खुंटा ठोकता येतो. अशीच राख पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे, अश्मयुगीन हत्यारांच्या सान्निध्यात मिळाली. ती तोबाच्या याच स्फोटाची की त्याहून जुन्या एखाद्या स्फोटाची, यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंतु सागरतळ आणि महाराष्ट्रातील नदीकाठ यांना एकाच तारखेने बांधण्याची शक्यता तिने निर्माण केली, यात शंका नाही.

आता गोदावरीसमोरच्या त्या गाभ्याकडे वळता येईल. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. वरच्या अंगास दख्खनचा काळा पाषाण आणि काळी माती. खालच्या अंगास पूर्व घाटांचे अतिप्राचीन खडक आणि तांबूस जमीन. या दोन्ही प्रकारच्या मातीत निओडिमियम या मूलद्रव्याच्या अणूंचे प्रमाण निरनिराळे असते. त्यामुळे तळाशी मिळालेल्या चिमूटभर मातीवरून तिचे मूळ गाव ओळखता येते. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रमग्न खंडभूमीची पट्टी अरुंद आहे, म्हणून पुराचा गाळ अडून न राहता लगेच खोल उतारावर पोहोचतो. २००६ च्या मोहिमेत सोळाव्या स्थळी, सुमारे १,२७० मीटर खोल पाण्याखाली, जो गाभा निघाला, त्याच्या वरच्या साडेआठ मीटरांत गेली सुमारे अकरा हजार वर्षे सामावलेली आहेत. म्हणजे सरासरीने एका शतकाला जवळजवळ आठ सेंटिमीटर, वीतभरही नव्हे. परंतु खुल्या समुद्राच्या मानाने ही नोंद फार तपशीलवार आहे.

या गाभ्यात दोन प्रकारचे साक्षीदार होते. पहिला साक्षीदार झाडांच्या पानांवरील मेण. पाने कुजतात, पण हे मेण मातीच्या कणांना चिकटून समुद्रापर्यंत जाते आणि टिकते. वृक्ष आणि रुक्ष प्रदेशातील गवते कार्बनाचे जड आणि हलके अणू निरनिराळ्या प्रमाणात घेतात. ज्वारी, बाजरी आणि ऊस यांचा वर्ग गवतांच्या बाजूचा. त्यामुळे मेणातील कार्बन तपासला, की खोऱ्यात झाडी किती आणि गवत-काटवण किती, हे कळते. दुसरा साक्षीदार समुद्राच्या पृष्ठभागावर जगलेले फोरॅमिनीफेरा हे सूक्ष्म जीव. नदीचे गोडे पाणी भरपूर आले की नाही, हे त्यांच्या कवचातील ऑक्सिजन सांगतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या दोघांची साक्ष एकत्र घेण्यात आली. तिचा निष्कर्ष असा, की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून ते सुमारे १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत मध्य भारतातील वनस्पतिसृष्टी हळूहळू कोरड्या हवामानाकडे झुकत गेली आणि त्यानंतर ती तशीच राहिली. गेल्या तीन हजार वर्षांत उपसागराचे पाणी अधूनमधून अत्यंत खारट झाल्याच्याही खुणा मिळाल्या. म्हणजे पावसाने दगा देण्याचे प्रसंग वाढले.

पाऊस घटला, तर नदीने आणलेला गाळही घटावा, असे कोणासही वाटेल. २०१७ साली जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गाभ्याचा पुढील अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा उलट चित्र दिसले. मोसमी पाऊस क्षीण होत गेला त्या काळात समुद्राकडे जाणारी माती वाढली. एवढेच नव्हे, तर त्या मातीबरोबर जाणारा सेंद्रिय कार्बनही अधिकाधिक जुना होत गेला. कार्बन जुना होणे याचा अर्थ, वरची साय जाऊन खालची, पिढ्यान्‌पिढ्या दबून राहिलेली माती उघडी पडून वाहू लागली. याचे कारण शेतकऱ्याच्या अनुभवात आहे. जमिनीवर झाडोरा असला म्हणजे मुसळधार पाऊसही मुरतो. झाडोरा विरळ झाला, उन्हाने जमीन भेगाळली आणि त्यानंतर चार महिन्यांचा पाऊस थोड्या दिवसांत कोसळला, की तोच पाऊस मातीचा शत्रू होतो. मोसमी प्रदेशात दुष्काळाने धूप थांबत नाही, वाढते. हा नियम सागरतळाने हजारो वर्षांच्या हिशेबासह सिद्ध केला.

या नैसर्गिक धुपीत पुढे माणसाची भर पडली. याच सुमारास दख्खनवर शेतीने मूळ धरले होते. प्रवरेकाठचे जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद, तसेच भीमेच्या खोऱ्यात घोड नदीकाठचे इनामगाव, ही ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची गावे होत. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इनामगाव येथे १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे पाटासारखी पाणी खेळविण्याची व्यवस्था आढळली; आणि अखेरच्या काळात, इसवी सनापूर्वी १००० ते ७०० च्या दरम्यान, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आलेल्या दिसल्या. उत्खनकांनी त्यावरून हवामान कोरडे झाल्याचे अनुमान केले होते. पांढरीने दिलेली ही साक्ष आणि काळीने समुद्रात नोंदविलेली साक्ष यांचा रोख एकच आहे. पुढे लोखंडाचा फाळ आला, शेतीचा विस्तार झाला, अधिक रान मोडले गेले आणि धूप आणखी वाढली, असे गाभ्याचा अभ्यास सांगतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सागरतळाची बखर निर्दोष नाही. तळावरचे किडे गाळ उकरतात आणि दोन-चार शतके एकमेकांत मिसळतात. उतारावरून दरड कोसळली, तर पानेच्या पाने नाहीशी होतात किंवा उलटी पडतात. जुन्या मातीतील कार्बनामुळे वय चुकू नये म्हणून ते समुद्री कवचांवरून काढावे लागते. हवामानाने किती माती नेली आणि नांगराने किती, याची वाटणी एका गाभ्यावरून कोणीही तोळ्यामाशाने करून देऊ शकत नाही. चिटणीशी बखर पत्रव्यवहाराशी ताडून पाहावी, तशी ही बखरही दुसऱ्या गाभ्यांशी आणि उत्खननांशी ताडून पाहावी लागते. मात्र तिचा एक गुण कोणत्याही दरबारी बखरीत नाही. ती कोणाच्या आज्ञेवरून लिहिलेली नसल्यामुळे कोणाची स्तुती वा निंदा तिच्यात येत नाही.

ज्या इंधनासाठी मोहीम निघाली होती, तेही सापडले. कृष्णा-गोदावरीच्या द्रोणीत दहाव्या स्थळी, भेगाळलेल्या चिकणमातीत, मिथेन वायू आणि पाणी यांच्या बर्फासारख्या मिश्रणाचा सुमारे १२८ मीटर जाडीचा थर आढळला. खोल पाण्याचा दाब आणि थंडी यांनी तो धरून ठेवलेला असतो. हा वायू निर्माण होतो तो गाळाबरोबर पुरल्या गेलेल्या पाना-मुळांच्या आणि जीवांच्या अवशेषांपासून. २०१५ साली 'चिक्यू' या जपानी जहाजाने दुसरी मोहीम करून आणखी साठे शोधले. ते किफायतशीरपणे वर कसे काढावयाचे, हा प्रश्न अभियंत्यांपुढे आहे. इतिहास वाचणाऱ्याच्या दृष्टीने लक्षात ठेवावयाचे ते हे, की नदीने नेलेली माती समुद्रात जाऊनही नाहीशी होत नाही. ती इंधन, खडक किंवा पुरावा होऊन राहते.

या बखरीचे आजचे पान मात्र वेगळ्या हाताने लिहिले जात आहे. १८५२ साली मद्रास इलाख्याचे अभियंते आर्थर कॉटन यांनी धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा पुरा केला. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण उभे राहिले आणि खोऱ्यात इतरही अनेक धरणे झाली. धरण पाणी अडविते, त्याबरोबर गाळही अडविते. १९७० ते १९९० च्या दशकांच्या दरम्यान गोदावरीतून समुद्राकडे जाणारा तरंगता गाळ निम्म्याहूनही कमी झाला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा ठिकठिकाणी मागे हटू लागला. यावरून शेतातली धूप थांबली, असे समजणे चुकीचे होईल. माती आजही बांध फोडून जाते. पूर्वी ती समुद्रात जाऊन किनारा वाढवीत असे, आता ती जलाशयात साचून त्याची साठवण घटविते. शेताचे नुकसान तेवढेच राहिले आहे, आणि धरण व किनारा या दोघांनाही त्याची झळ लागू लागली आहे.

काळी माती तयार होण्यास पाषाणाला हजारो वर्षे झिजावे लागते. ती एका पावसाळ्यात जाऊ शकते, आणि गेलेली माती नदी परत आणून देत नाही. साडेआठ मीटर चिखलाने सांगितलेली ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला अपरिचित नाही. त्याचे पूर्वज बांध घालीत, ताली रचीत आणि उताराला आडवी नांगरट करीत आले. नवीन एवढेच, की त्यांच्या त्या शहाणपणाला चार हजार वर्षांचा लेखी आधार मिळाला आहे. तो आधार गोदावरीने स्वतःच्या मुखासमोर, हजार मीटरांहून खोल पाण्याखाली जपून ठेवला होता. पुढच्या शतकाचा सात-आठ सेंटिमीटरांचा थर तेथे साचेल तेव्हा त्यात दख्खनची किती माती असावी, हे खोऱ्यातील शेतांच्या बांधांवर ठरावयाचे आहे.